वर्तुळाच्या व्याख्येचा कापलेला मार्क

नववीच्या एका चाचणी परीक्षेत एका मार्काचा प्रश्न होता: वर्तुळाची व्याख्या लिहा. एका मुलीनं लिहिलं, 'कंपासचं टोक एका जागी रोवून, कंपास तेवढाच उघडा ठेवून पेन्सिल पूर्ण फिरवली की जी आकृती तयार होते ती वर्तुळ.' मार्क शून्य. अपेक्षित उत्तर होतं, 'प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असणाऱ्या सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ.' वडील शाळेत जाऊन भेटले, हाती काही लागलं नाही, आणि मग सांगलीत जे नेहमी होतं तेच झालं. विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यापासून गणिताच्या शिक्षकांच्या बैठकीपर्यंत जो तो या एका मार्कावर तावातावानं बोलू लागला.

वाद रंगला, पण भलत्याच अंगानं. एक पक्ष म्हणतो, व्याख्या ही व्याख्या असते. त्यात काना-मात्रा इकडची तिकडे चालणार नाही, नाहीतर गणित आणि निबंध यांत फरक काय राहिला? दुसरा म्हणतो, या पोपटपंचीनंच मुलं गणिताला घाबरतात. पोरांना बांगडी दाखवा, वर्तुळ कळलं, विषय संपला. तिसऱ्या पक्षाला मुलीशी फारसं देणंघेणं नाही. त्यांचं म्हणणं, ही संचाची भाषा आपण बाहेरून आणली. आमच्या ऋषींना दोरी आणि खुंटी पुरत होती. हे तिन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर त्यांचं नकळत एकमत आहे: वर्तुळाची खरी व्याख्या एकच असते, ती कुठंतरी आधीच लिहून ठेवलेली आहे आणि प्रश्न फक्त ती पाठ करायची की नाही एवढाच आहे.

मला हे मूळ गृहीतच मान्य नाही. व्याख्या माणसांनी ठरवलेली असते, एखादं काम साधण्यासाठी ठरवलेली असते, आणि काम बदललं की ती बदलते. म्हणून ती मनमानी ठरत नाही. उलट कुठली व्याख्या कोणतं काम करते आणि कुठं अपुरी पडते हे काटेकोरपणे तपासता येतं. त्या मुलीला मार्क मिळायला हवा होता. पण तिची बाजू घेणारे त्यासाठी जी कारणं देतात, त्यातलं एकही मला पटत नाही.

आधी पहिल्या पक्षाला त्याचं माप पदरात घालू, कारण तोच सगळ्यात भक्कम आहे. व्याख्येतला प्रत्येक शब्द खरोखरच ओझं वाहत असतो. 'सर्व' हा शब्द गाळा. अर्धवर्तुळाच्या चापावरचे बिंदूही केंद्रापासून समान अंतरावरच असतात, मग तोही चाप वर्तुळ ठरेल. 'प्रतलातील' गाळा, आणि क्रिकेटच्या चेंडूचा पृष्ठभाग वर्तुळ होऊन बसेल. पाठ्यपुस्तकातली व्याख्या हाताळायलाही सोपी आहे. १६३७ साली देकार्तनं भूमितीला बीजगणिताची जोड दिल्यावर तिच्यातून एका ओळीत समीकरण निघतं: क्ष² + य² = त्रि². बिंदू वर्तुळावर आहे की नाही, याचा निवाडा दोन गुणाकारांत होतो. आरंभबिंदू केंद्र धरला तर (३, ४) हा बिंदू ५ त्रिज्येच्या वर्तुळावर आहे, हे सांगायला कंपास उघडावाही लागत नाही. एवढी ताकद असलेल्या व्याख्येला पोपटपंची म्हणणाऱ्यांनी ती नीट वाचलेली नाही.

पण मग काटेकोरपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत धरावा. हीच व्याख्या सनातन आहे काय? इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिडनं 'एलिमेंट्स'च्या पहिल्या खंडात पंधराव्या क्रमांकाला वर्तुळाची व्याख्या दिली. तिचा आशय असा: वर्तुळ ही एका रेषेनं वेढलेली प्रतलातली आकृती आहे, आणि आतल्या एका बिंदूपासून त्या रेषेपर्यंत काढलेले सगळे रेषाखंड एकमेकांशी समान असतात. नीट पाहा. युक्लिडचं वर्तुळ म्हणजे वेढलेली आकृती, आतल्या जागेसकट. आज आपण जिला चकती म्हणू ती. आपल्या पुस्तकातलं वर्तुळ म्हणजे फक्त कड. तेव्हा आदर्श उत्तराशी शब्दन् शब्द ताडून पाहिलं तर त्या चाचणीत युक्लिडलाही शून्यच मिळालं असतं. गंमत म्हणजे युक्लिड स्वतःही आपल्या व्याख्येला पक्का धरून राहत नाही. तिसऱ्या खंडात तो सिद्ध करतो की एक वर्तुळ दुसऱ्याला दोनपेक्षा जास्त बिंदूंत छेदत नाही. चकत्या एकमेकींवर आल्या तर सामाईक बिंदू अगणित असतात. तिथं त्याच्या मनात कडच आहे. हा घोळ वाचकांना दोन हजार वर्षं फारसा बोचला नाही, कारण संदर्भावरून अर्थ कळत होता. १७९४ साली फ्रान्समध्ये लजांद्रनं भूमितीचं पाठ्यपुस्तक लिहिलं, तेव्हा त्यानं दोन्ही गोष्टी स्पष्ट वेगळ्या केल्या: परीघ म्हणजे ती वक्र रेषा, आणि वर्तुळ म्हणजे तिनं वेढलेली जागा. म्हणजे वर्तुळ हे नाव त्यानंही आतल्या जागेलाच दिलं. आपण ते नंतर कडेला दिलं.

यात वाईट काहीच नाही. फक्त कडेला नाव दिल्यावर आपण पुढच्याच पानावर विचारतो, '७ सेंमी त्रिज्या असलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा.' वर्तुळ हा जर नुसता कडेवरच्या बिंदूंचा संच असेल, तर त्याचं क्षेत्रफळ शून्य. काटेकोर उत्तर हेच आहे. एखाद्या कारट्यानं असं लिहिलंच, तर पहिला पक्ष त्याला मार्क देईल का? देणार नाही; १५४ चौरस सेंमीच मागेल, आणि व्यवहारात तेच बरोबर आहे, कारण इथं 'वर्तुळाचं' म्हणजे 'वर्तुळानं वेढलेल्या भागाचं' हे सगळ्यांना कळतं. मग जी सवलत पेपर काढणाऱ्याला मिळते, ती पेपर लिहिणारीला का मिळू नये?

आता मुलीच्या उत्तराकडे येऊ. तिनं वर्तुळ काय आहे हे सांगितलं नाही, ते कसं घडतं हे सांगितलं. ही अडाणी पद्धत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आर्यभटाकडे जावं. ४९९च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीया'च्या गणितपादात तेराव्या श्लोकाची सुरुवातच अशी आहे: 'वृत्तं भ्रमेण साध्यम्'. वर्तुळ फिरवून साधायचं. त्याच श्लोकात पुढं तो सांगतो की त्रिकोण आणि चौकोन कर्णांनी साधावेत, जमिनीची पातळी पाण्यानं आणि उभी दिशा ओळंब्यानं. हा सगळा श्लोक करणाऱ्या माणसासाठी आहे. आणि हे केवळ कारागिरांचं शहाणपण आहे असंही नाही. स्पिनोझासारख्या कमालीच्या काटेकोर तत्त्वज्ञानंही नेमकी हीच बाजू घेतली होती. १६७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या एका अपुऱ्या ग्रंथात तो म्हणतो की केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेषा समान असतात ही वर्तुळाची व्याख्या नव्हेच, तो त्याचा एक गुणधर्म झाला. खरी व्याख्या म्हणजे एक टोक स्थिर आणि दुसरं फिरतं असलेल्या रेषेनं रेखलेली आकृती, कारण तिच्यात वर्तुळ कशामुळं घडतं ते येतं. कंपासपेटीचा उल्लेख सोडला तर नववीतली ती मुलगी आणि स्पिनोझा एकाच बाकावर बसतात.

यावर एक खरा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घडणीवरून केलेली व्याख्या साधनाला बांधलेली राहते. कंपासनं न काढलेल्या वर्तुळांचं काय? शंकूला अक्षाशी काटकोनात कापलं की वर्तुळ मिळतं, तिथं पेन्सिल कुठं फिरली? शिवाय समोर आयती आकृती ठेवून 'हे वर्तुळ आहे का?' असं कुणी विचारलं, तर 'कशी काढली ते आधी सांगा' असं म्हणता येत नाही. परीक्षा घ्यायची तर अंतरंच मोजावी लागतात. या कामाला संचाची व्याख्या सरस आहे, वाद नाही.

पण तिचंही एक दुखणं आहे, आणि ते वर्गात कधी सांगितलं जात नाही. 'अमुक अट पाळणारे सर्व बिंदू' असं म्हटल्यानं तसे बिंदू असतातच असं नाही. समजा, तुमच्या प्रतलात फक्त परिमेय सहनिर्देशकांचे बिंदू आहेत, म्हणजे दोन पूर्णांकांच्या भागाकारात लिहिता येणारे. ते इतके दाट पेरलेले असतात की कागदावर कुठंही भोक दिसणार नाही. या प्रतलात क्ष² + य² = ३ हे वर्तुळ काढायला जा: त्यावर एकही बिंदू सापडत नाही. व्याख्या निर्दोष आणि वर्तुळ रिकामं! युक्लिडला या धोक्याची जाण असावी असं मला वाटतं, कारण व्याख्या देऊन तो थांबला नाही. त्यानं तिसरं गृहीतक वेगळं मांडलं: कोणतंही केंद्र आणि कोणतंही अंतर घेऊन वर्तुळ काढता येतं. म्हणजे आधी वर्तुळ कशाला म्हणायचं ते सांगितलं आणि मग ते घडतं याची हमी वेगळी मागून घेतली. पहिली गोष्ट आपल्या पुस्तकात आहे, दुसरी त्या मुलीच्या उत्तरात. (युक्लिडची ही हमीही पुरी पडली नाही, हे ओघानं सांगतो. पहिल्याच साध्यात समभुज त्रिकोण काढताना तो दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात असं धरून चालतो. परिमेय बिंदूंच्या प्रतलात ती एकमेकांच्या आरपार निघून जातात. ही फट शास्त्रशुद्ध रीतीनं बुजायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.)

असण्याचा हा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर स्विस गणिती याकोब श्टायनरचं पाहा. ठरावीक लांबीच्या दोरीनं जास्तीत जास्त जागा वेढायची तर आकार वर्तुळाचाच हवा, ही समजूत फार जुनी. वर्तुळाची हीसुद्धा एक व्याख्या होऊ शकते, आणि तीत केंद्राचं नावही नाही. श्टायनरनं १८३८च्या सुमारास सुंदर युक्तिवादानं दाखवलं की वर्तुळ नसलेल्या कोणत्याही आकाराला थोडं बदलून, तेवढ्याच परिमितीत, अधिक जागा वेढता येते. पण सर्वांत जास्त जागा वेढणारा एखादा आकार मुळात असतो, हे त्यानं धरूनच टाकलं होतं. त्यात काय बिघडलं? मग याच धाटणीनं हेही सिद्ध होतं: १ सोडून प्रत्येक नैसर्गिक संख्येचा वर्ग तिच्यापेक्षा मोठा असतो, म्हणून १ सोडून कुठलीही संख्या सर्वांत मोठी असू शकत नाही, म्हणून सर्वांत मोठी संख्या १. श्टायनरचं म्हणणं खरं होतं, सिद्धता अपुरी होती. ती पुढं जर्मन गणिती वायरस्ट्रासनं पुरी केली.

आणि केंद्राशिवायच्या व्याख्या काही थोड्या नाहीत. एका रेषाखंडाची दोन्ही टोकं ज्या बिंदूंतून काटकोनात दिसतात, ते सगळे बिंदू त्या रेषाखंडाला व्यास मानून काढलेल्या वर्तुळावर असतात. फक्त ती दोन टोकं तेवढी वेगळी जोडावी लागतात. दोन ठिकाणांपासूनची अंतरं कायम दोनास एक या प्रमाणात ठेवून चाललात तरी तुमची वाट वर्तुळच काढते. या वर्तुळाला आज अपोलोनियसचं नाव आहे. प्रतलात ज्या बंद वक्राची वक्रता, म्हणजे वळण्याचं प्रमाण, सगळीकडे सारखी आहे, तोही वर्तुळच. यातली कुठली खरी? सगळ्या. त्या एकच गोष्ट सांगतात हे मात्र नुसतं पाहून कळत नाही, सिद्ध करावं लागतं, आणि भूमितीचा अर्धा आनंद त्या सिद्ध करण्यातच आहे. एकच वाक्य पाठ करून घेणारा वर्ग या आनंदाच्या वाटेला जात नाही.

इथं दुसरा पक्ष खूश होऊन म्हणेल, तेच तर आम्ही म्हणतो, कशीही करा व्याख्या, वर्तुळ कुणाला कळत नाही? नाही, थांबा. बांगडी दाखवून काम भागत नाही आणि याचा पुरावा शोधायला ग्रीसला जायची गरज नाही, कुपवाडच्या एमआयडीसीत जावं. तिथल्या लहानशा वर्कशॉपमध्ये एखाद्या पिनेचा गोलपणा तपासायचा तर नवखा पोरगा काय करतो? मायक्रोमीटर लावतो, पीन थोडी फिरवतो, पुन्हा लावतो. चारी बाजूंनी माप एकच आलं की म्हणतो, गोल आहे. सेंटरलेस ग्राइंडिंग केलेली पीन असेल तर हा निष्कर्ष साफ चुकू शकतो. त्या पद्धतीत कामाला केंद्र पकडून फिरवत नाहीत. ते दोन चाकांच्या मध्ये एका पट्टीवर टेकून फिरतं, आणि त्यात कधीकधी तीन किंवा पाच बोथट कोपऱ्यांचा आकार तयार होतो. तो कुठूनही मोजा, मायक्रोमीटर एकच आकडा दाखवतो. जुना मिस्त्री तीच पीन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर ठेवतो, वर उंचीतला बारीक फरक काट्यानं दाखवणारा डायल गेज टेकवतो आणि पीन बोटानं सावकाश फिरवतो. काटा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. डोळ्याला गोल, मापाला गोल, आणि तरी बेअरिंगमध्ये बसणार नाही.

ही नुसती कारखान्यातली अडचण नाही, ही व्याख्येची चूक आहे. 'ज्याचा व्यास सगळीकडून सारखा ते वर्तुळ' हे वाक्य कानाला इतकं बरोबर लागतं की वर्गात दहापैकी नऊ जण त्याला मान डोलावतील. समभुज त्रिकोण घ्या, प्रत्येक शिरोबिंदू केंद्र धरून बाजूएवढ्या त्रिज्येचा चाप समोरच्या दोन बिंदूंमध्ये काढा. तीन चापांनी वेढलेल्या या आकृतीला रूलो त्रिकोण म्हणतात. फ्रान्झ रूलो हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन यंत्रशास्त्रज्ञ. दोन समांतर पट्ट्यांमध्ये ही आकृती कशीही फिरवा, पट्ट्यांमधलं अंतर बदलत नाही. इतकंच काय, तिची परिमितीही तेवढ्याच रुंदीच्या वर्तुळाच्या परिघाएवढीच भरते. असं सगळ्याच समरुंदीच्या आकृत्यांत घडतं, हे बार्बिएनं १८६० साली सिद्ध केलं. ब्रिटनमध्ये १९६९पासून चालणारं पन्नास पेन्सचं सात बाजूंचं नाणं याच कुळातलं, आणि नाण्यांच्या यंत्रात ते अडत नाही ते याचमुळं. बांगडीवाल्यांना माझा प्रश्न एवढाच आहे: तुमच्या हातात बांगडी आहे की रूलो त्रिकोणाची बहीण, हे तुम्ही व्याख्येशिवाय कशावरून ठरवणार? इंजिनिअरांनी त्यांच्यापुरतं उत्तर शोधलंय. कुठलीही खरी वस्तू परिपूर्ण गोल नसते हे मान्य करून ते म्हणतात, कड दोन समकेंद्री वर्तुळांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात मावली पाहिजे. पट्ट्याची रुंदी ड्रॉइंगवर दिलेली असते. ही गोलपणाची व्याख्या युक्लिडला सुचण्याचं कारण नव्हतं. त्याला बेअरिंग बनवायचं नव्हतं.

तिसऱ्या पक्षाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा अभिमान रास्त आहे, निष्कर्ष तेवढा घाईचा. शुल्बसूत्रांमध्ये, म्हणजे यज्ञवेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन सूत्रांमध्ये, दोरी आणि खुंटीची भूमिती आहे आणि ती अव्वल दर्जाची आहे. गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौरस, दक्षिणाग्नीची अर्धचंद्राकार, आणि तिन्हींचं क्षेत्रफळ सारखं हवं. या गरजेतून चौरसाएवढं वर्तुळ कसं काढायचं हा प्रश्न उभा राहिला. बौधायनाची रीत अशी: चौरसाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी घ्या, ती बाजूच्या पलीकडे जेवढी जास्त जाईल त्याचा तिसरा हिस्सा अर्ध्या बाजूत मिळवा, ती त्रिज्या. हिशेब केला तर क्षेत्रफळात चूक दोन टक्क्यांच्या आत राहते. पण इथं वर्तुळाची व्याख्या कुठं आहे? नाही, आणि ती हवीही नव्हती. ज्याला वेदी रचायची त्याला रीत लागते. युक्लिडला प्रमेयांची साखळी ओवायची होती, म्हणून पहिली कडी व्याख्येची लागली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही, म्हणजे ११५०च्या सुमारास, परिघासाठी ३९२७ भागिले १२५० हे सूक्ष्म आणि २२ भागिले ७ हे व्यवहाराला पुरणारं असे दोन्ही गुणोत्तर दिलेत; कामानुसार निवड करा, असाच त्याचा अर्थ. आमचं आधी होतं की त्यांचं, या भांडणात हा मुद्दा हमखास हरवतो.

काम बदललं की व्याख्या बदलते याची सर्वांत मोठी साक्ष विसाव्या शतकानं दिली. १९०६ साली फ्रेंच गणिती मॉरिस फ्रेशेनं अंतर या कल्पनेलाच मोकळं केलं: काही थोडे नियम पाळा आणि अंतर कसंही मोजा. आता पाठ्यपुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी ठेवून फक्त 'अंतर' बदलू. सांगलीहून जवळच असलेलं जयसिंगपूर हे आखून वसवलेलं गाव, गल्ल्या सरळ आणि चौक काटकोनात. तिथं पक्ष्यासारखं उडत जाता येत नाही, गल्लीगल्लीनंच चालावं लागतं. एका चौकापासून बरोबर चारशे मीटर चालून पोचता येतील अशी सगळी ठिकाणं नकाशावर टिंबांनी दाखवा. ती कोपऱ्यावर उभ्या केलेल्या चौरसावर येतील. व्याख्या शब्दशः तीच, आकृती चौकोनी.

चौरसानं दचकला असाल तर पृथ्वीवर या. सांगली साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हे अक्षवृत्त म्हणजे उत्तर ध्रुवापासून जमिनीवरून सुमारे ८,१०० किलोमीटर अंतरावर असणाऱ्या सर्व ठिकाणांचा संच. अगदी पुस्तकातल्यासारखं वर्तुळ. पण तेच दक्षिण ध्रुवापासूनही सगळीकडून सारख्याच, सुमारे ११,९०० किलोमीटर अंतरावर आहे. म्हणजे एका वर्तुळाला दोन केंद्रं आणि दोन त्रिज्या! त्याचा घेर सुमारे ३८,३०० किलोमीटर. उत्तर ध्रुवाकडून मोजलेल्या व्यासानं भागा: उत्तर ३.१४ नव्हे, २.३६च्या आसपास येतं. 'प्रतलातील' हा शब्द व्याख्येत का हवा हे नववीच्या मुलाला एका तासात पटवायचं तर याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. पहिल्या पक्षाला मी मघाशी दिलेलं श्रेय इथं पुन्हा देतो, पण एक अट घालून: शब्दांचं वजन हे शब्द काढून पाहिल्याशिवाय मुलांना कळत नाही, आणि काढून पाहायला आपण देत नाही.

अशा बदलांना घाबरायचं असतं तर गणितात राहायलाच नको. १ ही मूळ संख्या नाही, असं आज पाचवीतलं पोर ठणकावून सांगतं. १७४२ साली गोल्डबाख तिला मूळ संख्या धरून चालला होता, आणि १९१४ साली लेमरनं छापलेल्या मूळ संख्यांच्या भल्यामोठ्या यादीची सुरुवात १पासूनच होते. पुढं तिला वगळलं, कारण ती ठेवली तर प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे प्रमेय मांडताना दर वेळी अपवाद जोडावा लागतो. चौरस हा आयत असतो का? आज 'हो' लिहिलं नाही तर मार्क जातो. युक्लिडच्या वर्गवारीत चौरस आणि आयत या दोन वेगळ्या जाती होत्या. आकृत्या होत्या तिथंच राहिल्या, सोयीच्या कुंपणाची जागा बदलली.

राहता राहिला व्यवहाराचा आक्षेप, आणि बैठकीत तोच सर्वांत जोरानं मांडला गेला. शेकडो पेपर, तपासायला मोजके दिवस, तपासणारे वेगवेगळे. प्रत्येकानं आपल्या मर्जीनं 'हेही चालतं' म्हटलं तर एका वर्गातल्या मुलीला मार्क मिळेल आणि शेजारच्या वर्गातलीला नाही. आदर्श उत्तर हे निदान सगळ्यांना सारखं लागू होतं. हा मुद्दा न्यायाचा आहे, म्हणून मला तो गणिताच्या मुद्द्यांपेक्षा जड वाटतो. पण सारखेपणा शब्दांचाच कशाला? तपासणाऱ्याला तीन गोष्टी पाहायला सांगा: स्थिर बिंदू आला का, अंतर न बदलणारं आहे का, आणि आकृती पुरी होते का. मुलीच्या उत्तरात टोक रोवलंय, कंपास तेवढाच उघडा ठेवलाय, पेन्सिल पूर्ण फिरवलीय. प्रतल? ते तिच्यासमोरचा कागदच आहे, आणि कंपास हवेत फिरत नाही. हे तपासायला आदर्श उत्तराशी शब्द जुळवण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. उलट पाठ केलेलं उत्तर लिहिताना 'सर्व' गाळणाऱ्या किती जणांना पुरा मार्क मिळून जातो, हे पेपर तपासणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

त्यापेक्षाही बरं म्हणजे प्रश्नच बदलावा. 'व्याख्या लिहा' याऐवजी विचारा: 'ज्या बंद आकृतीची रुंदी सगळीकडून सारखी असते ती वर्तुळ, असं एकानं लिहिलं, बरोबर की चूक? आकृती काढून दाखवा.' आधी वर्गात एकदा रूलो त्रिकोण करून घेतलेला असला की बास. दोन मार्क ठेवा: एक आकृतीला, एक कारणाला. पाठांतरवाल्यांना यात पाठ करायला काही सापडणार नाही, आणि बांगडीवाल्यांना बांगडी खाली ठेवून कंपास उघडावा लागेल.